एका माइकभोवती

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर स्वरपरीक्षा पास होऊन मी नाट्यविभागात गेले ते १९८५ साली. पहिल्या दिवशी मला अभिनयातलं काहीच शिकवलं गेलं नाही. संहितेची टाचणी कशी काढायची ते शिकवलं. पानं सुटी करायची, पत्त्यांसारखी हातात धरायची, आणि वाचून झालेलं पान उलटायचं नाही, हलकेच खाली सोडून द्यायचं. कागद वाजला की सगळ्यांचाच टेक गेला. एका माइकभोवती आम्ही पाच-सहा जण कोंडाळं करून उभे असायचो. ज्याचं वाक्य त्याने अर्धं पाऊल पुढे यायचं, बोलून झालं की मागे. नाटकातला बाप घर सोडून निघाला की तो कलाकार खरोखर बोलत बोलत चार पावलं मागे सरकायचा. तिथल्या एका ज्येष्ठ कलाकारांना आम्ही काका म्हणायचो. ते मला म्हणाले होते, “वाक्य पाठ नको करूस. समोरच्याचा श्वास ऐक. तो कुठे संपतो ते कळलं की तुझं वाक्य येतंच.”

पुढे मी हिंदी डबिंगमध्ये आले आणि तिथलीच झाले. गेली पंचवीसहून अधिक वर्षं अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये मी जपानी कार्टूनमधली आठ-दहा वर्षांची पोरं, त्यांच्या आया, आज्या, आणि अधूनमधून एखादी राक्षसीण बोलते आहे. या कामात कानाला हेडफोन असतो. एका कानात मूळ जपानी आवाज, दुसऱ्यात आपला स्वतःचा. त्या परक्या बायकांचे आवाज वर्षानुवर्षं कानात वाजत राहिले, तेव्हा या कोण, कुठे उभ्या राहून बोलतात, असं वाटायला लागलं. मी दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जपानी शिकले आणि मिळेल ते वाचत गेले. त्यात मला पुन्हा माझी टाचणी सापडली.

जपानमध्ये ॲनिमेचा, म्हणजे तिथल्या कार्टूनचा, एक भाग ध्वनिमुद्रित करायचा म्हणजे त्यातले सगळे कलाकार एका खोलीत जमतात. समोर पडदा, त्याच्यापुढे रांगेने तीन-चार माइक, भिंतीला लागून बाकं. आपली पाळी आली की उठायचं, मोकळ्या माइकपाशी जायचं, हातात संहिता धरून बोलायचं आणि पायांचा आवाज न करता परत येऊन बसायचं. माइक चार आणि माणसं पंधरा असली की कोण कुठल्या माइकला जाणार याची जुळवाजुळव नजरेनेच होते. पान आवाज न करता उलटायचं हा तिथेही पहिला धडा. चित्रं बहुधा पुरी झालेली नसतात, पेन्सिलीच्या रेघाच पडद्यावर हलतात, आणि कुणी कधी बोलायचं ते सांगायला पात्राचं नाव तेवढं झळकतं. अशा कच्च्या रेघांवर माणसं एकमेकांकडे बघत भांडतात, रडतात. या कामाला तिथे ‘आफुरेको’ म्हणतात आणि कलाकाराला ‘सेइयू’.

ही पद्धत तिथे कशी रुजली हे समजायला फार मागे जावं लागतं. मूकपटांच्या काळात जपानी थिएटरात पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून कथा सांगे, पात्रांचे संवाद बोले. तो बेन्शी. अगदी सुरुवातीला तर काही ठिकाणी पडद्यामागे चार-सहा जण बसून एकेक पात्र वाटून घेत. पुढे एकट्या बेन्शीचंच राज्य आलं. लोक नटाच्या नावाइतकंच बेन्शीचं नाव बघून तिकीट काढत. १९२७ च्या सुमारास जपानमध्ये असे सुमारे ६,८०० बेन्शी होते, त्यांत बायकाही होत्या. मग बोलपट आला. थिएटर मालकांनी बेन्शींना कामावरून काढायला सुरुवात केली, १९३२ मध्ये त्यांनी संप केला, आणि तो फसला. त्या संपाच्या पुढाऱ्यांपैकी एक होता हेइगो कुरोसावा, दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा थोरला भाऊ. धाकट्या भावाला सिनेमाची गोडी त्यानेच लावली होती. १९३३ मध्ये हेइगोने आत्महत्या केली. कुरोसावांच्या सिनेमांवर आपल्याकडे मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्यांचं नाव ऐकलं की आधी आठवतो तो त्यांचा भाऊ, आवाजाच्या धंद्यात बळी गेलेला आमचा एक पूर्वज.

आपल्याकडे त्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला. तो मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला गेला. तेच नट, तेच सेट, पण प्रत्येक प्रसंग आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत. आवाज शरीरापासून सोडवून दुसऱ्याच्या ओठांवर बसवता येईल हे तेव्हा कामकाजाच्या हिशेबातच नव्हतं. दुर्गाबाई खोट्यांनी तारामती दोन भाषांत जगून दाखवली. डबिंग करणाऱ्या माझ्यासारखीला या मेहनतीचं फार अप्रूप वाटतं.

जपानमध्ये आवाजाचा धंदा पुन्हा उभा राहिला तो रेडिओवर. १९४१ मध्ये तिथल्या सरकारी नभोवाणीने रेडिओ नाटकासाठी कलाकार घडवायला सुरुवात केली. माणसं एका माइकभोवती उभी राहायची सवय तिथून आली. मग टीव्ही आला. जपानमधल्या पाच मोठ्या चित्रपट कंपन्यांनी १९५३ मध्ये आपले नट एकमेकांना आणि इतरांना न देण्याचा करार केला होता, आणि १९५६ पासून तर टीव्हीला आपले चित्रपट देणंही बंद केलं. टीव्हीवाल्यांकडे दाखवायला काही उरेना. त्यांनी अमेरिकेतून मालिका आणल्या आणि त्यांना जपानी आवाज देण्यासाठी रेडिओवरचे आणि रंगभूमीवरचे कलाकार बोलावले. नाटकावर पोट भरत नव्हतं, त्यामुळे चांगले चांगले नट या कामाला आले. सुरुवातीला तर हे डबिंग थेट प्रक्षेपणातच व्हायचं. १९५५ मध्ये सुपरमॅनचं कार्टून तिथे असंच दाखवलं गेलं: इकडे चित्र चालू, तिकडे स्टुडिओत कलाकार पडद्याकडे बघत बोलताहेत, आणि ते तसंच घराघरांत जातंय. चुकलं तर चुकलं. अशा वेळी एकटा माणूस काय करणार? शेजारच्याने वाक्य गिळलं तर ते दुसऱ्याने उचलायचं, नाहीतर पात्र मुकंच राहायचं.

१ जानेवारी १९६३ ला ओसामू तेझुकांचा ‘तेत्सुवान आतोमु’ सुरू झाला, म्हणजे आपण ॲस्ट्रो बॉय म्हणून ओळखतो तो. दर आठवड्याला अर्ध्या तासाचं कार्टून द्यायचं, तेही बेताच्या पैशांत. त्यामुळे तेझुकांनी चित्रंच कमी केली. चेहरा स्थिर ठेवायचा आणि फक्त तोंड हलवायचं. तोंडाची चित्रं तीन: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. आम्ही साठ वर्षांनंतरही त्या तीन तोंडांवरच पोट भरतो आहोत. डिस्नेच्या कार्टूनमध्ये ‘ओ’ म्हणताना ओठ गोल होतात, ‘म’ म्हणताना मिटतात, म्हणून तिथे हिंदी वाक्यात बरोबर त्या जागी प, फ, ब, भ, म आणावे लागतात. ॲनिमेत अक्षर जुळवायचं नसतं, उघडझाप मोजायची असते. पोरगं तोंड सात वेळा उघडतं तर सात अक्षरांची ओळ हवी आणि तोंड जिथे मिटतं तिथे ती संपली पाहिजे. आणि इथे जपानी भाषा आपल्याला फार जवळची निघते. तिचं क्रियापद मराठी-हिंदीसारखं शेवटी येतं, आणि तिची वाक्यं बहुतेक स्वरावर संपतात, आपल्या ‘है’, ‘था’, ‘गा’ सारखी. म्हणजे जपानी पोराचं तोंड जिथे शेवटी उघडं राहतं, तिथे आमचं ‘था’ अलगद बसतं.

अडचण होते ती मधल्या इंग्रजीने. आमच्याकडे संहिता येते ती बहुतेक वेळा जपानीवरून इंग्रजीत आणि इंग्रजीवरून हिंदीत. पहिल्या वळणावर क्रियापद पुढे जातं, दुसऱ्या वळणावर मागे येतं, आणि या ये-जा मध्ये माणसांची नाती सांडतात. जपानीत मोठ्यांशी बोलण्याची क्रियापदं वेगळी, सवंगड्यांशी वेगळी. हिंदीत तू, तुम, आप आहे, आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. एकदा एका मालिकेत माझं पोर शेजारच्या आजीशी बोलत होतं आणि हिंदी संहितेत त्याच्या तोंडी ‘तुम’ लिहिलं होतं. माझ्या डाव्या कानात मूळ कलाकार ‘देसु’, ‘मासु’ असे अदबीचे शेवट करत होती. मी रेकॉर्डिस्टला थांबवलं, डबिंग डायरेक्टरांना ते चार सेकंद तीनदा ऐकवले. ‘तुम कहाँ गई थीं’ चं ‘आप कहाँ गई थीं’ झालं. अक्षरं तितकीच, उघडझाप तितकीच. पण पुढच्या पंधरा भागांत त्या आजीचं आणि पोराचं सगळं नातं त्या एका ‘आप’ वर उभं राहिलं.

माझं स्वतःचं हिंदीही घडवावं लागलं. मराठी माणूस ‘है’ आणि ‘मैं’ यांतला ‘ऐ’ पसरून म्हणतो, ‘अ’ आणि ‘इ’ दोन्ही ऐकू येतात. तो सरळ करायला मला वर्ष लागलं. लोकलमध्ये डोंबिवली ते अंधेरी, दादरला गाडी बदलून, मी ओठांतल्या ओठांत ‘मैं हूँ ना, मैं हूँ ना’ करत जायची.

मुलांचे आवाज बायकांनी काढायचे ही रीतही रेडिओतूनच आली. मुलाचा आवाज फुटतो, त्याला शाळा असते, त्याला रात्री उशिरापर्यंत बसवता येत नाही. आतोमुला मारी शिमिझूंनी आवाज दिला. बाळंतपणासाठी त्या थांबल्या तेव्हा काही भाग दुसऱ्या अभिनेत्रीने केले आणि मग त्या परत आल्या. मासाको नोझावा १९८६ पासून कार्टूनमधल्या गोकूचा आवाज आहेत आणि गोकूच्या दोन्ही मुलांचाही त्याच. नोबुयो ओयामा १९७९ पासून २००५ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, डोरेमॉन होत्या. २०२४ मध्ये त्या नव्वदीच्या होऊन गेल्या, ती बातमी आली त्या रात्री मी बराच वेळ त्यांचे जुने भाग लावून बसले होते. त्यांचं जाणं मला घरातलं वाटलं.

एका खोलीत उभं राहण्याचा परिणाम केवळ अभिनयावर झाला असं मला वाटत नाही. त्याने त्यांचं पोटही सांभाळलं. ऑगस्ट १९७३ मध्ये जपानच्या सेइयूंनी एक दिवसाचा संप केला. मानधन फार थोडं होतं आणि मालिका पुन्हा पुन्हा दाखवल्या तरी त्यांना काही मिळत नव्हतं. हा संप यशस्वी झाला, मानधन सरासरी तिपटीच्या वर गेलं. त्याच्या चाळीस वर्षं आधी बेन्शींचा संप फसला आणि हा जमला, याची अनेक कारणं असतील. बेन्शींच्या वेळी यंत्र त्यांची जागा घेत होतं, सेइयूंच्या वेळी त्यांच्यावाचून टीव्ही मुका होता. पण मला आणखी एक कारण दिसतं. बेन्शी आपापल्या थिएटरात एकेकटा होता आणि शेजारच्या थिएटरातला बेन्शी त्याचा स्पर्धक होता. सेइयू मात्र दर आठवड्याला एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसत होते. कुणाला किती मिळतं, कुणाचं भाडं थकलंय, हे त्यांना एकमेकांचं ठाऊक होतं.

म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. ‘साझाए-सान’ ही कार्टून मालिका १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी तिथे लागते, जपानमधल्या घराघरांत. तिच्यातल्या वडिलांचा, नामिहेईचा, आवाज इचिरो नागाईंचा होता. कलाकारांच्या हक्कांसाठी ते आयुष्यभर भांडले. १९८८ मध्ये त्यांनी एका मासिकात लेख लिहिला आणि नामिहेईपासून आपल्याला वर्षाला १६ लाख ४० हजार येन मिळतात हे शीर्षकातच सांगून टाकलं. देशातल्या सगळ्यांत ओळखीच्या बापाची कमाई एवढीच, हे वाचून लोक हादरले. २०१४ मध्ये ते गेले तेव्हाही कामासाठीच बाहेरगावी होते.

आता माझ्या शहराकडे येते. हिंदी सिनेमा कितीतरी वर्षं सगळाच डब होत असे, कॅमेऱ्याचा घरघराट इतका की सेटवरचा आवाज फक्त आधाराला ठेवायचा. फिल्मचा तुकडा शेपटीला तोंड जोडून प्रोजेक्टरवर फिरत राही, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा येई. त्याला लूप म्हणत. आज सगळं कॉम्प्युटरवर आलं तरी आम्ही ‘किती लूप झाले?’ असंच विचारतो. लूपच्या काळात ट्रॅक मोजके, म्हणून प्रसंगातली माणसं एकत्र उभी राहायची. माझ्या उमेदवारीत, नव्वदच्या दशकात, त्या पद्धतीची शेपटी मी पाहिली आहे.

त्याच दशकात जपानी कार्टून हिंदीत यायला लागलं. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ आलं, निप्पॉन ॲनिमेशनची ५२ भागांची मालिका. शेरखानला नाना पाटेकरांनी आवाज दिला. त्या वाघाच्या आवाजात एक थकलेला, जखमी माणूस होता, आणि तो मूळ चित्रात होता की नानांनी घातला हे मला अजून ठरवता येत नाही. रामायणावरच्या जपानी-भारतीय चित्रपटात, युगो साको आणि राम मोहन यांच्या, हिंदीत रावण बोलले अमरीश पुरी. मग केबल आलं, कार्टून चॅनेल आली, २००५ मध्ये डोरेमॉन हिंदीत सुरू झाला आणि शिनचॅन त्याच्या मागोमाग. आमच्यासारख्यांना महिन्याचे पंधरा-वीस दिवस काम मिळायला लागलं.

आणि नेमकं तेव्हाच आम्ही एकेकटे झालो. कॉम्प्युटरवर ट्रॅक हवे तेवढे मिळतात. एक शब्द चुकला तर तेवढाच शब्द पंच करून घेता येतो. मग पाच जणांना एका वेळी बोलावून पाच जणांचा वेळ कशाला थांबवायचा? प्रत्येकाला वेगळी वेळ दिली जाते, आपली वाक्यं सलग बोलायची आणि निघायचं. माझं पोर आईवर चिडतं तेव्हा आईचा ट्रॅक अजून झालेला नसतो. मी जपानी आईला उत्तर देते, आणि माझी हिंदी आई तीन दिवसांनी येऊन मला. गेमचं काम तर याहून एकाकी. तिथे चित्रही नसतं. समोर कोष्टक असतं, चारशे ओळी, आणि शेवटी मार खाल्ल्याचे आवाज: हलका मार, जोराचा मार, उंचावरून पडून मरणं. आम्ही त्यांना एफर्ट्स म्हणतो. ते दिवसाच्या अखेरीस घ्यायचे, कारण नंतर गळा उरत नाही. अमेरिकेतल्या कलाकारांनी २०१६ मध्ये गेम कंपन्यांविरुद्ध जो संप केला आणि जवळजवळ वर्षभर चालवला, त्यात गळ्याला होणाऱ्या या इजेचा मुद्दा होता. त्यांच्याच २०२४ च्या संपात मुद्दा यंत्राने नक्कल केलेल्या आवाजाचा होता.

नावाचं म्हणाल तर हिंदी डबिंगच्या कितीतरी भागांखाली आमची नावं येत नाहीत. मला अशा वेळी लताबाई आठवतात. १९४९ मध्ये ‘महल’ची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. ऐकणाऱ्यांनी नाव विचारलं म्हणून ते बदललं. मुलं नाव विचारतात, हे मला ठाऊक आहे. एकदा ठाण्याला एका वाढदिवसाला मी माझ्या कार्टूनमधल्या पोराच्या आवाजात बोलले तर सहा वर्षांची एक मुलगी माझ्या तोंडाजवळ येऊन आत बघायला लागली.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा मी कपाटात गोधड्या टांगून त्यात बसून काम केलं. जपानमध्येही एका वेळी तीन-चार कलाकारच आत घ्यायला लागले. तिथल्या नव्या मुलांना ज्येष्ठांचं काम बाकावर बसून बघता येईना, म्हणून तिथे खंत व्यक्त झाली. ती मला कळली. आमच्याकडच्या मुलांना तो बाक कधी मिळालाच नाही.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी रुळांवर पाणी साचलं आणि स्टुडिओतलं वेळापत्रक कोलमडलं. माझी वेळ आणि माझ्या मालिकेतल्या आईची वेळ एकच झाली. दोन वर्षं आम्ही मायलेकरं होतो, भेट पहिलीच. माझ्या निम्म्या वयाची मुलगी, पावसात चिंब भिजलेली. डायरेक्टर अडकून पडले होते, तेवढ्यात रेकॉर्डिस्टला म्हटलं, “दुसरा माइक लाव ना रे.” भांडणाचा प्रसंग होता, चौदा वाक्यं. तिने तिसऱ्या वाक्यानंतर रागाने श्वास आत घेतला आणि बोललीच नाही, आणि मी, म्हणजे पोर, थांबून राहिले, आणि मग जे वाक्य आलं ते मी एकटीने कधीच म्हटलं नसतं. एका टेकमध्ये सीन झाला. आम्ही काचेपलीकडे बघितलं. रेकॉर्डिस्ट हसत होता, पण मान हलवत होता. दोघींचे आवाज एकमेकींच्या माइकमध्ये गेले होते. पुढे मिक्सिंगला सुटे ट्रॅक द्यावे लागतात, हा टेक चालणार नव्हता.

मग आम्ही तो सीन वेगवेगळा केला, आधी ती, मग मी. तिचा ट्रॅक माझ्या उजव्या कानात लावून घेतला. तिसऱ्या वाक्यानंतर तिने पुन्हा तसाच श्वास घेतला होता. मी तशीच थांबले.

“ताई,” टॉकबॅकवरून आवाज आला, “सहा फ्रेम उशीर झाला.”

“परत घे,” मी म्हटलं.